दिलेल्या वस्तूचं पुढे काय होतं?



आमचा एक भाचा अमेरिकेत एका कलासंग्रहालयात नोकरीला आहे. तो चित्रं काढत नाही, चित्रांची डागडुजीही करत नाही. मग करतोस तरी काय रे, असं मी एकदा फोनवर विचारलं. तर म्हणाला, "मावशी, माझं काम देणगीदारांचं. काही लोक हयातीतच ठरवून ठेवतात, की आपल्या मागे आपली चित्रं, पैसे, कधी कधी राहतं घरसुद्धा म्युझियमला जावं. त्यांच्याशी बोलायचं, कागदपत्रं नीट करून घ्यायची. आणि मग वर्षानुवर्षं त्यांना, त्यांच्या मुलांना कळवत राहायचं, की तुम्ही दिलेल्याचं आम्ही काय केलं." पहिल्या कामाला तिकडे 'प्लॅन्ड गिव्हिंग' म्हणतात आणि दुसऱ्याला 'स्टुअर्डशिप'. त्यासाठी पगारी माणसं ठेवतात याचं मला नवल वाटलं. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आपल्याकडे असलं काही नाही ना?"

आता इतिहासाच्या शिक्षिकेला, भले ती निवृत्त असली तरी, असा प्रश्न विचारला की ती गप्प कशी बसणार? शिवाय आमच्या घरात सध्या एका ट्रंकेवरून जी चर्चा चालू आहे, तिचाही या प्रश्नाशी संबंध आहे. ती गोष्ट शेवटी सांगते. आधी थोडा इतिहास.

सुरुवात लांबून करायची नाही. आपल्या वसई-विरारमधूनच करू. नालासोपारा म्हटलं की आज लोकलची गर्दी आणि इमारतींची रांग डोळ्यांपुढे येते. पण हेच जुनं शूर्पारक, मोठं बंदर. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत एक शिलालेख आहे, त्यात आपल्या सोपाऱ्याचं नाव कोरलेलं आहे. लेख आहे उषवदाताचा. हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा या ठिकाणी त्याने धर्मशाळा, विहिरी, तळी, बागा करून दिल्या, असं तो लेख सांगतो. गोवर्धन म्हणजे नाशिकच्या जवळचं त्या काळचं नगर.

पण मला जास्त आवडतो तो त्याच लेण्यातला त्याचा दुसरा लेख. सहलीला मुलांना घेऊन गेले की मी मुलींना आणि मुलांना त्याच्यासमोर उभं करून चक्क गणित घालत असे! उषवदाताने भिक्षूंना लेणं तर दिलंच, पण त्यासोबत ३००० कार्षापणांची 'अक्षयनीवी' दिली. अक्षयनीवी म्हणजे कधीही न मोडायची ठेव. मुद्दल परत मागायचं नाही, खर्चायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. ही रक्कम त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे त्या त्या धंद्यातल्या लोकांचा संघ. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. दुसऱ्या ठेवीच्या व्याजातून किरकोळ खर्च.

करा बरं हिशेब. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०. वर्षाचे २४०. आणि २० भिक्षूंना १२ प्रमाणे किती? २४०! एक कवडी इकडे तिकडे नाही. म्हणजे या माणसाने आधी विचार केला, की इथे किती जण राहणार, त्यांना काय लागणार, त्याला वर्षाला किती खर्च येणार, आणि मग उलटं गणित करून मुद्दल ठरवलं. नुसतं लेणं कोरून दिलं असतं तरी पुण्य लागलं असतं. पण लेण्यात राहणारा माणूस उघडा राहिला तर त्या लेण्याचा उपयोग काय, हे त्याला कळलेलं होतं. हा सगळा व्यवहार नगराच्या सभेत वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला, हेही लेखात आहे. वर्ष घातलं आहे ४२, महिना वैशाख. म्हणजे ठेव झाली, व्याजाचा दर झाला, साक्षीदार झाले आणि नोंदणीही झाली. माझ्या भाच्याच्या ऑफिसात याहून वेगळं काय होत असेल?

पुढची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. नहपानाची सत्ता गौतमीपुत्र सातकर्णीने मोडली. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची, पण त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला. राज्य बदललं की पैशावरचा चेहरा बदलतो, तो असा. मग भिक्षूंना दिलेल्या दानाचं काय? पांडवलेण्यांतच गौतमीपुत्राचे लेख आहेत. पूर्वी उषवदाताकडे असलेलं एक शेत त्याने भिक्षूंना दिलं, असा एक लेख. त्याच्या राज्याचं वर्ष १८. आणि त्याच्याच खाली दुसरा, वर्ष २४ चा. हा लेख राजा आणि राजमाता दोघांच्या नावाने गोवर्धनच्या अमात्याला लिहिलेला हुकूम आहे. त्याचा मतलब असा : आम्ही काखडी गावात भिक्षूंना शेत दिलं होतं. ते शेत कसलं जात नाही आणि गावात वस्तीही राहिलेली नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या आमच्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तनं जमीन द्यावी.

हा लेख शिकवताना मी नेहमी थांबत असे. दान देऊन सहा वर्षं झाल्यावर राजाकडून चौकशी होते, की दिलेल्याचा उपयोग होतो आहे का? होत नाही असं कळल्यावर 'आम्ही तर दिलं होतं बुवा' असं म्हणून हात झटकले जात नाहीत. दान बदलून दिलं जातं, आणि तेही दगडावर लिहून. दगडावर स्वतःची मोठमोठी विशेषणं कोरणारे राजे पुष्कळ. पण आधी दिलेलं दान उपयोगी पडलं नाही, हे दगडावर कोरून ठेवणारा विरळाच.

असो. आता पुन्हा सोपाऱ्याला येऊ, पण एकदम १८८२ सालात.

सोपाऱ्यात एक विटांचं उंच टेकाड होतं. गावकरी त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. १८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड उघडलं. हा बौद्ध स्तूप होता. आत दगडाची पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, भिक्षापात्राचे मातीचे तुकडे, सोन्याची फुलं, आणि भोवती बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्यांना मिळाला. पुढे १९५६ साली भुईगावला नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. स्तूपातल्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. आपल्या गावातलं धन आपल्या गावात राहिलं नाही, अशी हळहळ मला तरुणपणी फार वाटायची. आता वाटते, पण कमी. कारण १८८२ साली सोपाऱ्यात ते कुणी आणि कुठे सांभाळलं असतं? वस्तू टिकली, तिची नोंद टिकली, म्हणून तर आज आपण तिच्याबद्दल बोलतो आहोत.

हे भगवानलाल मूळचे जुनागढचे. इंग्रजी शिक्षण फारसं नाही. मुंबईला आले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे, आणि त्यांच्यासाठी देशभर हिंडून त्यांनी शिलालेखांचे ठसे घेतले. पांडवलेण्यांतले वर सांगितलेले लेख अभ्यासणाऱ्यांतही ते होते. नाणी त्यांनी स्वतः जमवली. १८६९ साली मथुरेला शीतलादेवीच्या एका चौथऱ्याच्या पायऱ्यांत बसवलेला लाल दगडाचा सिंहशीर्ष त्यांना दिसला. त्याच्यावर सगळीकडे खरोष्ठी लिपीत अक्षरं कोरलेली होती. १८८४ साली हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. १६ मार्च १८८८ रोजी ते गेले. मृत्युपत्राने त्यांनी आपली प्राचीन नाणी आणि तो मथुरेचा सिंहशीर्ष लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला.

वाचून मन खट्टू होतं ना? ज्याने आमच्या सोपाऱ्याचा स्तूप जगाला दाखवला, त्याने आपली पुंजी लंडनला द्यावी! पण थोडं थांबून विचार करा. मुंबईत तेव्हा आजचं मोठं म्युझियम नव्हतं. त्याची पायाभरणी व्हायला अजून सतरा वर्षं होती. आणि लंडनमध्ये त्या नाण्यांचं काय झालं? नाणी पेटीत पडून राहिली नाहीत. १९०८ साली रॅप्सन या विद्वानाने ब्रिटिश म्युझियममधल्या सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांची जी सूची छापली, तिच्यात भगवानलालांची नाणी त्यांच्या नावासह आहेत. त्याआधी १८९० मध्ये भगवानलालांचा क्षत्रपांवरचा अपुरा राहिलेला निबंधही रॅप्सननेच छापून आणला होता. महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास लिहिणाऱ्यांनी ती सूची वर्षानुवर्षं हाताशी ठेवली. वस्तू लांब गेली हे खरं. पण देणाऱ्याचं नाव आणि त्याचं काम घेणाऱ्याने राखलं, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. इतिहास शिकवताना मुलांना हेच समजावून देणं सर्वांत कठीण जातं!

मुंबईचं ते मोठं म्युझियम म्हणजे पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. शाळेची सहल विरार लोकलने चर्चगेटला आणि तिथून दोन-दोनच्या रांगेत चालत. किती वेळा गेले असेन! ११ नोव्हेंबर १९०५ ला पाया घातला. इमारतीसाठी सरकारने तीन लाख आणि नगरपालिकेने अडीच लाख रुपये दिले. पण एकट्या सर करीमभाई इब्राहिम यांनीही तीन लाख दिले, म्हणजे सरकारच्या बरोबरीने. सर कावसजी जहांगीर यांनी पन्नास हजार. १९०९ साली या संग्रहालयासाठी खास कायदा झाला. इमारत पूर्ण झाली तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं, म्हणून आधी तिथे लष्करी रुग्णालय थाटलं गेलं. लोकांसाठी म्युझियम उघडलं ते १० जानेवारी १९२२ ला.

इमारत झाली, पण आत काय ठेवणार? सेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ मध्येच मिळवला होता. नंतर आला सर रतन टाटांचा. जमशेटजींचे हे धाकटे चिरंजीव. पाटलीपुत्राच्या उत्खननाला त्यांनी पैसे पुरवले होते. १९१८ साली इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं आणि १९२१ मध्ये त्यांचा कलासंग्रह म्युझियमकडे आला. थोरले बंधू सर दोराबजी १९३२ मध्ये गेले. त्यांचा संग्रह १९३३ मध्ये आला. युरोपातली तैलचित्रं, चिनी आणि जपानी भांडी, जेडच्या वस्तू. वरच्या मजल्यावर आमची मुलं तोंडात बोट घालून जे बघत, त्यातलं पुष्कळसं या दोन भावांच्या घरातलं होतं. मी मुलांना सांगायची, "अरे, हे कुणाच्या तरी दिवाणखान्यात होतं. त्यांनी ते कुलूपबंद ठेवलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं का?" एक मुलगा पटकन म्हणाला, "पण बाई, त्यांना मूलबाळ नव्हतं म्हणून दिलं असेल." वर्ग हसला. मला मात्र त्याचं म्हणणं अगदीच खोटं म्हणवेना. दोन्ही भावांना स्वतःचं अपत्य नव्हतं. आपल्या मागे कोण, हा प्रश्न दानाच्या मुळाशी पुष्कळदा असतोच. त्यात कमीपणा काय? २००८ साली तिथे कार्ल आणि मेहेरबाई खंडालावाला यांच्या संग्रहाचं दालन उघडलं, तेही असंच नाव राखून आहे.

हा 'मागे कोण' प्रश्न सर्वांत चटका लावतो तो पुण्यात. राजा दिनकर केळकर संग्रहालय. आमच्या शाळेत दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, "बाई, दिनकर केळकर कुठले राजे होते?" ते राजे नव्हते हो! दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्याच्या धंद्यातले गृहस्थ. 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे. साधारण १९२० पासून त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला. 'राजा' हा त्यांचा मुलगा. तो सातव्या वर्षी गेला. पुढे सगळा संग्रह त्यांनी त्याच्या नावाने केला. संग्रहालयाच्या नावात आधी मुलाचं नाव आणि मग बापाचं, अशी ती रचना आहे.

आणि काय जमवलं त्यांनी? अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं, पाय घासायच्या वज्री, कंगवे, वाद्यं, कोरीव दारं. म्हणजे मोडीत जाणाऱ्या, भांडेवाल्याला किलोने विकल्या जाणाऱ्या वस्तू. टाटांच्या संग्रहाला किंमत होती हे कुणीही सांगितलं असतं. अडकित्त्याला किंमत आहे हे केळकरांनी सांगितलं. खेड्यापाड्यांत, जुन्या वाड्यांत जाऊन, घासाघीस करून त्यांनी हे गोळा केलं. कोथरूडचा मस्तानी महाल मोडीत निघाला तेव्हा तो उचलून आणून त्यांनी संग्रहालयात उभा केला. पत्नी कमलाबाईंची साथ होती म्हणून हे झालं. नाहीतर मोठ्या नादाचा भार घरातल्या बाईवर कसा पडतो, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

१९६० च्या सुमारास या वस्तू पंधरा हजारांच्या घरात गेल्या. आणि १९७५ मध्ये केळकरांनी सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या जवळ. त्यानंतर ते पंधरा वर्षं जगले. १९८० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९० मध्ये ते गेले. मला यात सर्वांत मोठी वाटते ती वेळेची निवड. हातपाय चालत असताना, स्मरण शाबूत असताना दिलं. अमका दिवा कुठून आला, त्याला काय म्हणतात, तो कसा लावत, हे सांगणारा माणूस हयात असताना वस्तू घेणाऱ्याच्या हाती गेल्या. मृत्युपत्राने दिलेल्या वस्तूला हे भाग्य मिळत नाही. वस्तू येते, सांगणारा गेलेला असतो.

आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत सुमारे अडीच हजार. म्हणजे आठातली एक. अनेकांना हे ऐकून राग येतो : दिलेली वस्तू गोदामात ठेवता? पण जगातल्या बहुतेक संग्रहालयांचं असंच असतं. जागा थोडी आणि वस्तू फार. कागद, कापड तर सतत उजेडात ठेवताच येत नाही, विरून जातं. गोदामात असणं हा अपमान नव्हे. गोदामात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसणं, हा अपमान.

काही दाते मात्र हेही मान्य करत नाहीत. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात इझाबेला स्टुअर्ट गार्डनर नावाच्या बाईंनी १९०३ साली आपलं कलासंग्रहालय उघडलं. १९२४ मध्ये त्या गेल्या. मृत्युपत्रात लिहून गेल्या, की मी मांडलं आहे तसंच राहिलं पाहिजे, मांडणी बदलाल तर सगळा संग्रह हार्वर्ड विद्यापीठाकडे जाईल. १८ मार्च १९९० च्या पहाटे तिथून १३ कलाकृती चोरीला गेल्या. त्या आजवर मिळालेल्या नाहीत. चित्रांच्या रिकाम्या चौकटी तिथे अजून भिंतीवर टांगलेल्या आहेत. भाच्याने मला त्याचे फोटो पाठवले होते. बघून अंगावर काटा आला. दात्याचा शब्द पाळणं हे म्युझियमचं कर्तव्य खरंच. पण दात्यानेही मागच्यांचे हात बांधून ठेवू नयेत, असं मला वाटतं. गौतमीपुत्राने शेत बदलून दिलं, ते हात मोकळे होते म्हणूनच ना?

घेणाऱ्याकडून सांभाळणं का अवघड असतं, याचं उदाहरण भायखळ्याला आहे. मुंबईकरांच्या वर्गणीतून, जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं तिथलं म्युझियम १८७२ मध्ये उघडलं. त्यासाठी खटपट करणाऱ्यांत भगवानलालांचे गुरू भाऊ दाजी होते. १९७५ मध्ये त्याला त्यांचंच नाव दिलं. पण पुढे इमारतीची आणि वस्तूंची रया गेली. २००३ मध्ये महानगरपालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला, जीर्णोद्धार झाला आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. म्हणजे सव्वाशे वर्षांनी पुन्हा दाता लागलाच! वस्तू देणारे भेटतात. छप्पर गळतं, वाळवी लागते, पहारेकऱ्याला पगार द्यावा लागतो, त्यासाठी देणारे कमी. उषवदाताने चीवराचे पैसे वेगळे ठेवले, त्यातलं शहाणपण इथे कळतं.

आता घरची गोष्ट. माझ्या एका काकांकडे मोडी कागदांची दोन दप्तरं होती. वाडीचे जुने व्यवहार, काही पत्रं. त्यांनी ती एका संस्थेला दिली. संस्थेचं नाव घेत नाही, आता ते महत्त्वाचंही नाही. काकांना पावती मिळाली नाही, यादी झाली नाही. हार, नारळ आणि चहा मात्र झाला. दहा-बारा वर्षांनी चुलतभाऊ चौकशीला गेला, तर तिथली माणसं बदललेली. दप्तरं कुणी पाहिलेली नाहीत, नोंदवहीत नाव नाही. काका शेवटपर्यंत म्हणत, "दिलं ते दिलं, आता मागे बघायचं नाही." आपल्याकडे हा फार मोठा संस्कार मानतात. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये वगैरे. पण मला तो इथे पटत नाही. अन्नदानाला तो शोभतो, भुकेल्याने खाल्लं की दान पुरं झालं. कागदाचं, मूर्तीचं, चित्राचं दान असं पुरं होत नाही. ते रोज चालू असतं. त्याच्याकडे मागे वळून बघावंच लागतं.

माझ्या माहेरचं कौलारू घर आता पाडायचं ठरलं आहे. वसईत दुसरं काय चाललं आहे म्हणा. माळ्यावरची आजोबांची ट्रंक खाली आली आहे. तिच्यात काचेवरचे जुने फोटो, मोडी कागद, दोन पितळी समया, एक अडकित्ता आणि आजोबांची काढलेली जलरंगातली चित्रं आहेत : वाडी, रहाट, किल्ल्याचा दरवाजा. आजोबा काही नावाजलेले चित्रकार नव्हते. पण त्या चित्रांतली वसई आता कुठेही उरलेली नाही. नातवंडांच्या फ्लॅटमध्ये जागा नाही. खाऱ्या हवेत कागदाला कसर लागली आहे. एकाने सुचवलं, वाटून घेऊ. दुसरीने सुचवलं, भाच्याच्या म्युझियमला अमेरिकेत पाठवू. तर बाळांनो, १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपुढच्या पुरावस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांपुढची ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखितं खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तेव्हा तो विषय संपला.

माझं म्हणणं असं. वस्तू वाटू नयेत. एकत्र असल्या तर त्यांच्यातून एक घर दिसतं. वेगळ्या झाल्या की नुसती समई आणि नुसता अडकित्ता. एकाच ठिकाणी, नीट नोंद ठेवणाऱ्या संग्रहालयाला द्याव्यात. देताना कागद करावा : काय दिलं, किती दिलं, कायमचं दिलं की ठेवायला दिलं. प्रत्येक वस्तूचा फोटो काढून एक प्रत आपल्याकडे ठेवावी. 'आमचं नाव मोठ्या अक्षरात लावा', 'कायम मांडूनच ठेवा' असल्या अटी घालू नयेत. एकच विनंती लेखी करावी, की नोंदवहीत वसईचं आणि आजोबांचं नाव राहावं आणि मागितल्यास वस्तू दाखवावी. आणि वस्तूंसोबत सर्वांनी मिळून थोडे पैसेही द्यावेत, कागदांना लागलेली कसर काढून ते नीट बांधून ठेवण्यापुरते. किती ते आधी विचारून घेऊ, आणि उषवदातासारखं उलटं गणित करू.

त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी आपल्यातल्या कुणीतरी एकाने तिथे जाऊन यायचं. भांडायला नव्हे, विचारपूस करायला.

पण हे सगळं नंतर. आधीचं काम आपलं आहे आणि ते घाईचं आहे. कुठली समई आजीच्या माहेरची आणि कुठली लग्नात आलेली, हे आता फक्त आमची थोरली वहिनी सांगू शकते आणि तिचं वय ८४ आहे. चित्रातला रहाट कुणाच्या वाडीतला, फोटोतली डावीकडची बाई कोण, हे सांगू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. पुढच्या रविवारी मी वही घेऊन वहिनीकडे जाते आहे. ट्रंकेतल्या वस्तूंना १ पासून नंबर घालून यादी केली आहे, ती तुम्हा सर्वांना पाठवते. ज्याला जे आठवेल, ते त्या नंबरापुढे लिहून पाठवा. चुकीचं असेल अशी भीती बाळगू नका, दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहू. घर पाडायला सुरुवात होईल ती पावसाळ्यानंतर. तोवर वही भरली पाहिजे.